बंद कान आणि उघडी वाट

खजराना येथील श्रीगणेशाच्या मंदिरात घंटा वाजली की आईच्या कडेवरचे मूल चटकन मान वळविते. जे वळवीत नाही, त्यास ‘बहिरे’ म्हणून आपण मोकळे होतो. हा निवाडा फार घाईचा आहे, असे आमचे मत आहे.

दोन्ही कानांत बोटे घालून फुटाणे चावून पाहावेत. बाहेरचा आवाज मंदावतो, दाढांखालचा मात्र वाढतो. कारण तो हाडांतून अंतर्कर्णास पोहोचतो. ज्यांचा कान जन्मतः बंद आहे, अथवा मध्यकर्ण वर्षानुवर्षे वाहून निकामी झाला आहे, परंतु अंतर्कर्ण शाबूत आहे, त्यांच्यासाठी शास्त्राने हीच वाट रुंद केली. टिटॅनियम जिवंत हाडाशी एकजीव होते, या ब्रानेमार्क यांच्या शोधाच्या आधारे १९७७ साली स्वीडनमध्ये कानामागील हाडात स्क्रू बसवून त्यावर कंपन देणारे श्रवणयंत्र जोडण्यात आले. आता त्वचेखाली लोहचुंबक बसविण्याच्या पद्धतीही रूढ आहेत.

आपल्यासारख्या संघांच्या समारंभांत पुष्कळदा साधी श्रवणयंत्रे वाटली जातात. हेतू थोर खरा. परंतु वाहत्या कानात यंत्राचा साचा घातला की कान अधिकच वाहतो, आणि बंद कानात तो बसतच नाही. मग यंत्र कपाटात पडते व समारंभाचे छायाचित्र तेवढे उरते. माल पारखल्यावाचून पैसे मोजणारा व्यापारी आपणांत नाही. मग दानातच ही ढिलाई का असावी?

म्हणून प्रथम परीक्षा व्हावी. अंतर्कर्णच दुबळा असेल, तर उपाय निराळा. तो चांगला असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी डोक्यास पट्टा बांधून याच यंत्राचा अनुभव घेता येतो. कवटीचे हाड पुरेसे जाड होईपर्यंत लहान मुलांस तोच पट्टा वापरावयास देतात. आपल्या इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. मुंबईस वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

शस्त्रक्रियेसह हा खर्च लाखांच्या घरात जातो, आणि तो तेथेच संपत नाही. बॅटऱ्या, दुरुस्ती, स्क्रूभोवतीच्या त्वचेची निगा हे पुढेही चालूच राहते. यास्तव आपल्या साहाय्यनिधीतून पहिली रक्कम तपासणीस आणि शेवटची देखभालीस राखून ठेवावी, अशी सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे. यंत्रे थोडी वाटली गेली तरी चालेल. जे मूल घंटेकडे मान वळवील, तेच आपल्या दानाचे खरे जमाखर्चपत्रक होय.