‘काय नाय होत’ म्हणणाऱ्यांच्या बोटीत

टायटन पाणबुडी फुटली तेव्हा पेणच्या एसटी स्टँडपासून रोह्याच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी एकच निकाल दिला होता. ‘पैसा जास्त झाला की माणसाला असलं सुचतं.’ तिकीट अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. बघायचं काय, तर बुडालेलं जहाज. १८ जून २०२३ ला पाच माणसं गेली आणि आपण मीम फॉरवर्ड करून झोपलो.

मित्रांनो, हसायला हरकत नाही. पण ती पाणबुडी का फुटली ते एकदा नीट बघू या. कारण तो रोग आपल्या धक्क्यावर रोज बोटीत चढतो.

टायटनचा मालक स्टॉकटन रश मूर्ख नव्हता. शिकलेला इंजिनिअर होता. त्याने पाणबुडीचा सांगाडा कार्बन फायबरचा केला. टायटॅनिक पडलंय ते सुमारे ३,८०० मीटर खोल, तिथल्या दाबाला हे टिकेल का, अशी शंका जाणकार घेत होते. त्याच्याच कंपनीतल्या माणसाने २०१८ मध्ये धोका लेखी कळवला, तर त्याला नोकरीवरून काढलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी पत्र लिहून सांगितलं, बाबा रे, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घे. याने घेतली नाही. नियम म्हणजे नव्या कल्पनांच्या वाटेतली धोंड, असं त्याचं मत. आणि त्याच्याकडे मोठा पुरावा होता. पाणबुडी त्याआधी टायटॅनिकपर्यंत जाऊन सुखरूप परत आली होती, एकदा नाही, अनेकदा. ‘एवढ्या वेळा गेलो, काही झालं का?’ प्रत्येक फेरीत सांगाडा आतून खंगत होता आणि मालकाचा विश्वास वाढत होता. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०२५ च्या अहवालात सरळ म्हटलं, हे टाळता आलं असतं.

आता आपल्याकडे या.

१८ डिसेंबर २०२४. गेटवेवरून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’. इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. दोन्हीकडची मिळून १५ माणसं गेली. घारापुरी म्हणजे मुंबई नव्हे बरं का. उरण तालुका, रायगड जिल्हा. ही आपल्या जिल्ह्याच्या वाटेवरची घटना आहे.

लगेच कुणीतरी म्हणेल, ‘चूक नौदलाच्या बोटीची, फेरीवाल्याचा काय दोष?’ धडक कुणी दिली याबद्दल माझा वाद नाही. त्याचा जाब नौदलाला विचारलाच पाहिजे. पण परवाना शंभराच्या आतला असताना बोटीत शंभराच्या वर माणसं कशी? बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट का नव्हतं? धडक कुठून येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून तर जॅकेट असतं! धडक देणारा वेगळा होता, पण पाण्यात पडलेल्या माणसाला तरंगत ठेवायची जबाबदारी बोटीची होती, आणि त्या बोटीला गेटवेवरून सोडणाऱ्या यंत्रणेची होती.

बरं, ही पहिली वेळ आहे का?

२४ ऑक्टोबर २०१८: शिवस्मारकाच्या कामाच्या शुभारंभाला निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली, एका तरुणाचा जीव गेला. खुद्द सरकारी कार्यक्रम होता.

१४ मार्च २०२०: गेटवेहून आलेली ‘अजंठा’ मांडव्याजवळ बुडाली. ८८ प्रवासी. रायगड पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती, त्यांनी एकूण एक माणूस बाहेर काढला. पोलिसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पोलीस बोट जवळ नसती तर? हा प्रश्न दोन दिवस चालला, मग लॉकडाऊन आला आणि विषय संपला.

२४ मे २०२२: तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोन पर्यटक गेले.

मी या जिल्ह्यात बातमीदारी करतो. अशा प्रत्येक घटनेनंतर येणारी प्रेसनोट मला पाठ झालीय. तीव्र दुःख, चौकशीचे आदेश, वारसांना मदत, तपासणी मोहीम. मोहीम आठ दिवस चालते. नवव्या दिवशी जॅकेटांचा ढीग पुन्हा बाकाखाली जातो.

आणि समुद्राचा धडा आपल्याला नवीन आहे का हो? १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी निघालेले चाकरमानी, बाजारहाट करून परतणारी माणसं. वाटेत तुफान लाटा, माणसं घाबरून एका बाजूला सरकली, बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे इतकी मोठी बोट बुडाल्याचं मुंबईला कित्येक तास कळलंच नाही. जी थोडी वाचली, त्यातल्या अनेकांना आपल्या कोळी बांधवांनी मचव्यांतून काढलं. ‘रामदास’ला जाऊन पाऊणशे वर्षं उलटली. आजही बोट संकटात सापडली की आपला भरवसा कशावर? जवळून कुणाची तरी बोट जात असेल यावर!

समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला कोळी कधी ‘काय नाय होत’ म्हणत नाही. तो नारळ देतो, वारा बघतो, भरती-ओहोटीचं गणित करतो आणि नको वाटलं तर होडी ओढून घेतो. हा माज समुद्राचा नाही, धंद्याचा आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीत ‘अजून चार जण सरकून बसा’ म्हणणाऱ्याचा आहे, आणि ते बघून मान फिरवणाऱ्या साहेबाचा आहे.

धंदेवाल्यांचं म्हणणंही ऐकू या. ‘पर्यटकच जॅकेट घालत नाहीत. घामट वास येतो, फोटो खराब होतो म्हणतात.’ खरं आहे. पण मग कोलाडला या! आपल्याच रोहा तालुक्यात कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. तिथे मुंबई-पुण्याहून येतो तो हाच पर्यटक. हेल्मेट घालतो, जॅकेटचे पट्टे आवळून घेतो, गाइडची सूचना शाळेतल्या पोरासारखी ऐकतो. का? कारण त्याशिवाय राफ्टमध्ये बसूच देत नाहीत. तोच माणूस दुसऱ्या दिवशी समुद्रावर बिनजॅकेटचा बसतो, कारण तिथे त्याला अडवणारं कुणी नसतं. पर्यटक बदलत नाही हो, काठावर उभा असलेला माणूस बदलतो.

आता वरकडी बघा. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ निवृत्त युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’ समुद्रतळाला ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, पर्यटकांना पाणबुडीतून फिरवायचं, अशी सरकारची योजना आहे. पाणबुडीची घोषणा तर २०१८ पासून ऐकतोय. कोकणात रोजगार यावा, कुणाला नको आहे? मीही टाळ्या वाजवीन. पण इजिप्तमधल्या हुरघाडाला २७ मार्च २०२५ रोजी ‘सिंदबाद’ नावाची पर्यटक पाणबुडी बुडाली. सहा पर्यटक गेले. ती टायटनसारखी हजारो मीटर खोल जाणारी नव्हती. किनाऱ्याजवळ प्रवाळ दाखवणारी, अनेक वर्षं फेऱ्या मारणारी होती. तिथेही ‘आजवर काही झालं नव्हतं’.

ज्या यंत्रणेला बोटीत चढणारी डोकी मोजायला जमत नाहीत, ती पाणबुडीच्या झाकणाचं सील तपासणार?

माझं म्हणणं चार ओळींत सांगतो. मेरीटाइम बोर्ड, जिल्हाधिकारी आणि ज्यांच्यात पालकमंत्रिपदावरून एवढं राजकारण झालं ते सगळे, यांनी उत्तर द्यावं.

१. प्रत्येक धक्क्यावर बोटीची परवानगी असलेली प्रवासीसंख्या मोठ्या अक्षरांत मराठीत लावा. बोटीवरही रंगवा.
२. डोकी मोजणारा माणूस बोटमालकाचा नको, सरकारचा हवा. आकडा जुळला नाही तर दोर सोडायचा नाही.
३. जॅकेट अंगात बांधल्याशिवाय बोट सुटणार नाही. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी.
४. प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवा. अमेरिकेने पाच माणसांसाठी जाहीर सुनावण्या घेतल्या, अहवाल सगळ्यांना वाचायला दिला. आपली पंधरा गेली, आपल्या हातात सविस्तर अहवाल कुठे आहे?

यात एकही गोष्ट कोट्यवधींची नाही. गुलदार बुडवायला लागतो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा खर्च आहे.

आणि आपण? येत्या सुट्टीत पेण-रोह्यातलीही कितीतरी घरं मांडव्याला, घारापुरीला, जंजिऱ्याला जातील. बोटीत पाय ठेवण्याआधी विचारा, ‘दादा, परवाना किती जणांचा?’ जॅकेट मागा. नाही मिळालं तर उतरा. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू देत. बोटवाला हसेल, बाजूचे म्हणतील, ‘काय नाय होत.’

त्यांना एवढंच सांगा, टायटनचा मालकही तेच म्हणत होता. फरक एवढाच की तो स्वतः त्या पाणबुडीत बसला होता. आपल्याकडे ‘काय नाय होत’ म्हणणारा साहेब काठावरच उभा असतो.