खरे कार्ड, खोटा माणूस

बँकेतल्या नोकरीत मी हजारो कागद तपासले. शिक्का पुसट आहे का, शाई दोन रंगांची आहे का, तारखेवर खाडाखोड आहे का, हे पाहायची डोळ्यांना सवयच जडली होती. तरीही १९९१ साली एका तालुक्याच्या शाखेत मी सपशेल फसलो. कारण समोरचा कागद अस्सल होता!

धरणात जमीन गेलेल्या एका शेतकऱ्याच्या नावाचा नुकसानभरपाईचा धनादेश घेऊन एक गृहस्थ आले. खाते उघडायला रेशनकार्ड आणले होते. त्या काळी जुन्या खातेदाराने नव्याची ओळख द्यायची पद्धत होती. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराने सही ठोकली. धनादेश वटला, पैसे निघाले. दोन महिन्यांनी खरा शेतकरी दारात उभा राहिला. रेशनकार्ड त्याचेच होते, त्यावर फोटो नव्हता. पुतण्याने ते कार्ड आणि धनादेश घरातून उचलून भलत्याच माणसाला काका म्हणून उभे केले होते.

दुकानदाराला बोलावले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सही मागितलीत, मी दिली. माणूस ओळखतोस का, असं कुठं विचारलंत?"

मला मेमो मिळाला, वेतनवाढ थांबली. त्याचे मला काही वाटले नाही. पण चौकशी संपेपर्यंत तो म्हातारा दर बाजाराच्या दिवशी शाखेत येऊन बाकावर बसायचा. भांडायचा नाही, बोलायचाही नाही. पैसे हातात पडायला त्याला अडीच वर्षे लागली.

खोटे दस्तऐवज म्हटले की आपल्याला वाटते, कुठेतरी तळघरात कोणी छापखाना चालवतो आहे. तसे असतेही. पण बनावट छपाई आणि खऱ्या कार्डावर फोटो बदलणे हे प्रकार त्यातल्या त्यात साधे. तरबेज नजरेला ते कधी ना कधी दिसतात. खोट्या दाखल्याच्या पायावर सरकारी कचेरीतूनच रीतसर मिळवलेले खरे कार्ड त्याहून अवघड. आणि खऱ्या कार्डामागे उभा राहिलेला परका माणूस सर्वांत अवघड. आपल्या भाषेला हा इसम जुनाच ठाऊक आहे. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो उभा राहिला, त्याला १७७६ साली देहान्त शासन झाले; पण 'तोतया' हा शब्द वर्तमानपत्रांत अजून रोज कामाला येतो.

अलीकडे एक नवाच प्रकार निघाला आहे. कॉलेजातला मुलगा चार-पाच हजारांसाठी आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतो. कागद खरा, चेहरा खरा, सही खरी! त्या खात्यातून कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी वाहून जाते आणि पोलीस येतात ते या मुलाच्या घरी. आईबापांनी यावर मुलांशी जेवताना एकदा बोलावे, असे मला कळकळीने वाटते.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आधारमागे बोटांचे ठसे आहेत, बुबुळे आहेत. व्यवस्था चांगलीच आहे. पण आपण ती वापरतो कशी? झेरॉक्स वाटून! लॉजवर एक, सिमवाल्याकडे एक, सोसायटीच्या फाइलीत एक. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असे आधार काढता येते, हे माझ्या ओळखीच्या दहा घरांत दोघांना माहीत नव्हते. आपल्या पॅनवर कोणी कर्ज उचलले आहे का, हे पाहायला पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. मागतो कोण? आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही सरकारच्या 'संचार साथी'वर कळते. मी पाहिले, तर माझ्या नावावर एक जास्तीचे निघाले. सौ. म्हणाल्या, "बँकेत होतात ना तुम्ही?"

असो. परवा मी स्वतः पॅनची प्रत काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. प्रतीवर 'फक्त अमुक कामासाठी' असे लिहून तारीख घालायची माझी सवय आहे. मुलगा त्यालाच हसला. मी पावती मागितली. त्याने शेजारच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला, त्यावर 'रु. ६' लिहिले आणि दिला. घरी येऊन उलटा केला, तर मागे कोणा बाईचे आधार कार्ड. थोडे तिरके आलेले, म्हणून बाद झालेले. पण नाव, पत्ता, बाराही आकडे स्वच्छ वाचता येत होते.