एका शब्दाची मिरासदारी

इंग्रजी विद्येचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. त्या विद्येवरच आमचा चरितार्थ चालला आहे. परंतु जगांतील प्रत्येक भाषा इंग्रजीच्या खिडकींतूनच पाहावयाची, ही जी खोड आमच्या सुशिक्षित वर्गास जडली आहे, तिजविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

निमित्त तसें क्षुल्लक आहे. स्पॅनिश शिकणाऱ्या एका तरुण स्नेह्यानें त्या भाषेंत लिहिलेला आपला निबंध आम्हांस दाखविला. बापाचा मुलांवरील कायदेशीर अधिकार, सेनापतीचा सैन्यावरील अधिकार, घर विकण्यासाठीं चुलत्यास दिलेला अधिकार आणि खात्रीलायक गोटांतून कळलेली बातमी, या चारहि ठिकाणीं त्यानें 'आउतोरिदाद' हा एकच शब्द बसविला होता. कारण विचारतां उत्तर आलें, "इंग्रजींत चोहींकडे 'ऑथॉरिटी'च आहे, आणि कोशांत त्यापुढें पहिला शब्द हाच!" झालें, प्रश्न मिटला!

आम्ही म्हणतों, हें भाषांतर नव्हे, ही शब्दांची हमाली आहे. चुलत्यास द्यावयाचें तें स्पॅनिशमध्यें 'पोदेर'. नोटरीसमोर होणारें तें आपलें मुखत्यारपत्र. सेनापतीकडे असतो तो 'मान्दो', म्हणजे हुकमत. एखादें प्रकरण अमुक कचेरीच्या कक्षेंत येतें कीं नाहीं, हा प्रश्न 'कोम्पेतेन्सिया'चा. अमुक कृत्य करण्याची कायद्यानें दिलेली मुभा ती 'फाकुल्ताद'. आणि खात्रीची बातमी स्पॅनिश मनुष्यास 'दे बुएना तिन्ता', म्हणजे चांगल्या शाईंतून, कळते; तेथें अधिकाराचा संबंधच नाहीं.

बापाच्या अधिकाराची कथा तर विशेष बोधप्रद आहे. त्याचें नांव 'पात्रिया पोतेस्ताद'. तें रोमन कायद्यापासून चालत आलेलें आहे. 'पोतेस्ताद' म्हणजे कायद्यानें सोपविलेली सत्ता. कादिस येथील १८१२ च्या संविधानानें कायदे करण्याची, ते अमलांत आणण्याची व ते न्यायासनापुढें लागू करण्याची सत्ता वांटून दिली, ती याच शब्दानें. १८८९ च्या स्पॅनिश दिवाणी संहितेनें मुलांवरील सत्ता बापास दिली, आणि आईस ती केवळ बापाच्या अभावीं. १९८१ च्या सुधारणेनें ती उभयतांची झाली. अर्जेंटिनानें तर २०१५ सालीं अमलांत आलेल्या संहितेंत शब्दच बदलून त्या जागीं 'मातापित्यांची जबाबदारी' या अर्थाचा शब्द घातला. ज्या शब्दासाठीं विधिमंडळें झटतात, तो आमच्या स्नेह्यानें कोशाच्या पहिल्या ओळीवर सोडून द्यावा काय?

मग 'आउतोरिदाद'कडे उरतें काय? उरतें तें थोडें नव्हे. अनेकवचनीं तो शब्द पदस्थ मंडळींचा असतो खरा. परंतु त्याचा थोर अर्थ निराळा आहे. स्पॅनिश अकादमीनें १७२६ ते १७३९ या काळांत सहा खंडांचा जो कोश काढला, तो 'आउतोरिदादेस'चा कोश म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या स्नेह्यानें ती सरकारी अधिकाऱ्यांची यादीच मानली असती! वास्तविक तेथील 'आउतोरिदादेस' म्हणजे सेर्व्हांतेस, केवेदो यांसारखे ग्रंथकार. शब्दाच्या अर्थास साक्षी म्हणून त्यांचीं वचनें तेथें दिलीं आहेत. आपल्या शास्त्रकारांचें शब्दप्रमाण, आप्तवाक्य, तें याच जातीचें. तेथें हुकूम नाहीं, विश्वास आहे.

कोणी म्हणेल, भाषा बदलते. पनामा कालव्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या नांवांतच 'आउतोरिदाद' आहे, मग इतका सोंवळेपणा कशास? संस्थेचें नांव आम्हांस मान्य. या एका शब्दाच्या पोटीं सत्ता व प्रतिष्ठा हे दोन्ही अर्थ स्पॅनिश कोश देतात, हेंहि मान्य. पण म्हणूनच निवड अधिक जपून करावयास हवी. ज्याच्या हातीं दंड आहे तो, आणि ज्याचा शब्द लोक आपण होऊन मानतात तो, अशा दोघांस एकाच शब्दांत कोंबलें, कीं दंडासच मान मिळूं लागतो. हा व्याकरणाचा नव्हे, नागरिकतेचा प्रश्न आहे.

१२ ऑक्टोबर १९३६ रोजीं सालामांका विद्यापीठाच्या सभागृहांत कुलगुरु मिगेल दे उनामुनो बोलावयास उभे राहिले. ज्या लष्करी बंडास त्यांनीं आरंभीं पाठिंबा दिला होता, त्याच पक्षाच्या सभेंत, जनरल मिलान आस्त्राय यांच्या समक्ष, त्यांनीं विरोधाचा स्वर काढला. त्यांच्या नेमक्या शब्दांविषयीं वाद आहे, परिणामाविषयीं नाहीं. त्याच महिन्यांत त्यांचें कुलगुरुपद गेलें, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं ते निवर्तले. बंडवाल्यांपाशीं 'पोदेर' होतें, 'मान्दो' होता. पद काढून घेण्याची 'फाकुल्ताद'हि त्यांनीं स्वतःच स्वतःस दिली होती. 'आउतोरिदाद' मात्र त्या वृद्ध प्राध्यापकापाशींच राहिली.

एवढी गोष्ट जो कोणी एका इंग्रजी शब्दांत सांगून दाखवील, त्याचा कोश आम्ही शिरसावंद्य मानूं.