चरे पडलेली डीव्हीडी फेकू नका!

मंडळी, लग्नाची डीव्हीडी अडकायला लागली की घरोघरी एकच निकाल: "गेली ती!" मला हे मान्य नाही. त्यात आज हयात नसलेली आजी हलताना-बोलताना दिसते राव!

डीव्हीडीवरचा डेटा २०४८ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. असे १६ सेक्टर मिळून चुका दुरुस्त करणारा एक ब्लॉक होतो. बारीकसारीक चरे तो पोटात घालतो. चरा ट्रॅकच्या दिशेने लांबला, की मात्र ब्लॉक हातचा जातो. पण एक ब्लॉक म्हणजे ३२ केबी, क्षणभर फुटणारं चित्र! त्यासाठी अख्खी डिस्क टाकायची?

साधी कॉपी पहिल्याच एररला मान टाकते. २००४ पासून फुकट मिळणारं 'डीडीरेस्क्यू' आधी सोपं ते उचलतं, अडलेल्या जागा मॅप फाइलमध्ये टिपतं, मग परत तिकडे वळतं. ड्राइव्ह बदलून काम तिथूनच पुढे नेता येतं. एकाला न जमलेला सेक्टर कधीकधी दुसरा वाचतो.

आता खरी गंमत. समजा, सासर वडगाव रासाईला आणि माहेर भीमेपलीकडे दौंड तालुक्यात. शूटिंगवाल्याने दोन्ही घरांना एकाच इमेजवरून डिस्क दिल्या असतील, तर चरे वेगवेगळ्या जागी असणार. तीच मॅप फाइल वापरली, की इकडचं भोक तिकडच्या डिस्कने बुजतं!

टूथपेस्टचे प्रयोग नंतर. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, तेव्हा थांबण्यात अर्थ नाही. या रविवारी व्याह्यांकडे चहाला जा, आणि येताना त्यांची डीव्हीडी घेऊन या.