अंधारी भक्कम, पण पोत्यात काय?



गेल्या हिवाळ्यात शेतकऱ्यांची सहल घेऊन दौलताबादला, म्हणजे जुन्या देवगिरीला गेलो होतो. वेरूळच्या वाटेवरचा हा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पुन्हा जाल तेव्हा तिथल्या 'अंधारी'त थोडे थांबा.

किल्ल्याचा डोंगर चहूबाजूंनी उभा तासलेला आहे. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, त्यावर अरुंद पूल. पूल ओलांडून वर जायचे तर वाट खडकात कोरलेल्या भुयारातून. हीच अंधारी. आत वळणांवर वळणे, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. उन्हातून आत शिरले की स्वतःचा हात दिसत नाही. बाहेर फौज कितीही असो, आत माणसांची रांगच लागणार. वरच्या तोंडाला लोखंडी झडप असे. तिच्यावर विस्तव पेटवला की तापलेले लोखंड आणि कोंडलेला धूर, दोन्ही शत्रूची वाट अडवीत. मूठभर शिपायांनी मोठी फौज थोपवावी, अशी ही योजना.

तरीही किल्ला हरला, आणि हरला तो भुकेने. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला. राजा रामदेवराव किल्ल्यात होता. व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून घाईने गडावर नेली होती. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की ती मिठाची निघाली! राजाला तह करावा लागला. पुढे १६३३ साली मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. सुरुंगांनी बाहेरचे तट फुटले, आत अन्नाचे हाल झाले आणि निजामशाहीच्या फत्तेखानाने किल्ला स्वाधीन केला.

हे ऐकून सहलीतले एक आजोबा म्हणाले, "साहेब, दार एवढं भक्कम केलं, अन् पोत्यात हात कुणीच घातला न्हाई?"

मी गप्प बसलो. दोन वर्षांपूर्वी घरचे सोयाबीन मीही न तपासता पेरले होते. कोठीला कुलूप होते, पोती नीट शिवलेली होती. पण निम्मे बी उगवलेच नाही. दुबार पेरणी करावी लागली. लोकांना सांगणारा मीच चुकलो.

म्हणून सांगतो, पेरणीआधी प्रत्येक पोत्यात हात घाला. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट ओलसर ठेवा आणि आठवड्याने कोंब मोजा. सत्तर किंवा अधिक चांगले कोंब आले, तर बी पेरण्याजोगे समजा. फार कमी आले, तर दुसरे बियाणे पाहण्यास अजून वेळ असतो. वेढा पडल्यावर पोती उघडून उपयोग नसतो.