वही कैद्याची, पाने कोणाची?

अणूविषयीचे एक मराठी पुस्तक साठ वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले होते. ‘अणूच्या अंतरंगात’ हे त्याचे नाव. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ते मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध असताना, सरकारच्या परवानगीने लिहिले होते. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या म्हटल्यावर मात्र राज्य सरकारने नकार दिला. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायालयाने तो नकार मोडीत काढला. स्थानबद्धतेच्या अटींत जी बंदी नाही, ती सरकारला आपल्या मर्जीने घालता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. तो पुन्हा आठवावा असे कारण आजही आहे: साध्या कैद्याची रोजनिशी.

तुरुंगातल्या लेखनाचा आपल्याला मोठा अभिमान. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेत शिसपेन्सिलीने लिहिले गेले, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात. जयप्रकाश नारायण यांची आणीबाणीतली रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली. पण ही सारी नावाजलेली माणसे. आपल्या तुरुंगांत आज दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्याविषयी भरपूर लिहिले जाते, ते इतरांकडून: फिर्याद, पंचनामा, आरोपपत्र, तुरुंगाचे रजिस्टर. या कागदांत कच्चा कैदी ‘आरोपी क्रमांक दोन’ असतो. मुलाखतीला बायको का आली नाही, पुढची तारीख ऐकून पोटात काय झाले, याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. ती त्यालाच करावी लागते, आणि त्यासाठी वही लागते.

वही दिली की माणूस सुधारतो, असला भाबडा दावा आम्ही करणार नाही. काही जण रागच लिहितील, काही खोटे लिहितील, काही चार दिवसांत कंटाळतील. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना आधी अक्षरे शिकवावी लागतील. मोकळी माणसेही रोजनिशी अशीच लिहितात. पण उठण्यापासून गिनतीपर्यंत सगळे वेळापत्रक दुसऱ्याने ठरवलेल्या माणसाला, वहीमुळे दिवसातले काय नोंदवायचे आणि काय गाळायचे एवढे तरी स्वतः ठरवता येते. वहीचे मोल इथे आहे.

मात्र नुसती वही देऊन भागत नाही. लाहोरच्या तुरुंगात १२ सप्टेंबर १९२९ रोजी भगतसिंगांना मिळालेल्या वहीवर ४०४ पाने असल्याची नोंद आहे. पाने मोजून देणारी यंत्रणा ती वाचूही शकते, हे कोणत्याही कैद्याला ठाऊक असते. खटला सुरू असलेल्या माणसाला तर आज मन मोकळे करण्यासाठी लिहिलेले वाक्य उद्या आपल्याविरुद्ध वापरले जाईल, ही धास्ती असतेच. मग तो साहेबांना आवडेल असे लिहितो. पश्चात्तापसुद्धा ठरलेल्या शब्दांत. असल्या वहीला रोजनिशी म्हणण्यात अर्थ नाही.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. पण झडती घेणे वेगळे आणि वाचणे वेगळे. पानांत ब्लेड, सिमकार्ड लपवले आहे का, हे जरूर पाहावे. मजकूर वाचायचा असेल तर ठोस संशय हवा, अधीक्षकांचा लेखी आदेश हवा आणि त्याची प्रत बंद्याला मिळायला हवी. बरॅक बदलली, तुरुंग बदलला, तरी वही त्याच्यासोबत जावी; सुटकेच्या दिवशी ती त्याच्या सामानाच्या यादीत असावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरते. संझगिरींचे हस्तलिखित भिंतीबाहेर जाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. साध्या रोजनिशीसाठी तरी कोणावर ती वेळ येऊ नये, एवढी तजवीज गृहखात्याने करावी.