घरात कांजिण्या आणि घरातच गरोदर बाई : पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

थंडी सरून ऊन तापायला लागलं की आपल्याकडे कांजिण्यांचे दिवस येतात. त्यासोबत व्हॉट्सॲपवर ठरावीक संदेशही येतात : गरोदर बाईने त्या घराकडे फिरकू नये, बाळात व्यंग राहतं, दाराला कडुनिंबाचा पाला लावा. या संदेशांत भीती भरपूर असते, पण सर्वांत आधी विचारायचा प्रश्न नसतो. तो असा : त्या बाईला स्वतःला पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या आहेत का?

येऊन गेल्या असतील, तर बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती आयुष्यभर टिकते आणि पोटातल्या बाळालाही तिचं संरक्षण मिळतं. मग घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. लशीचे दोन डोस झाले असतील तरीही मोठा दिलासा असतो. अडचण आठवणीची आहे. आपल्याकडे गोवर काय, कांजिण्या काय, अंगावर उठलं की 'देवी आल्या' म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती. त्यामुळे आईला विचारूनही खात्रीचं उत्तर मिळेलच असं नाही. अशा वेळी रक्तातली आयजीजी अँटीबॉडी तपासतात. सोशल मीडियावर 'काय करू?' असं विचारत बसण्यापेक्षा ही तपासणी कधीही बरी.

धोका नेमका किती?

आकडे संपर्काचे नाहीत, प्रत्यक्ष आजार झाल्याचे आहेत, हे आधी लक्षात घ्या. पहिल्या १२ आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग राहण्याची शक्यता साधारण ०.४ टक्के असते, १३ ते २० आठवड्यांत सुमारे २ टक्के. म्हणजे सर्वांत जोखमीच्या काळातही शंभरातल्या ९८ बाळांना हे व्यंग नसतं. रुबेलाशी तुलना केली तर फरक कळेल. तिथे सुरुवातीच्या आठवड्यांत संसर्ग झाल्यास बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा 'कांजिण्यांच्या घरी जाऊन आले, आता गर्भपातच करावा लागेल का' या प्रश्नाला निव्वळ संपर्काच्या आधारावर 'नाही' हेच उत्तर आहे. आजार झालाच, तर पाचेक आठवड्यांनंतर सविस्तर सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहतात.

बाळाच्या काळजीत आईकडे मात्र दुर्लक्ष होतं. मोठेपणी कांजिण्या जड जातात आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, न्यूमोनियाचा धोका वाढतो. दम लागणं, खोकला, छातीत दुखणं यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं.

दुसरा नाजूक काळ बाळंतपणाचा. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर फोड आले, तर बाळाला विषाणू मिळतो पण आईच्या अँटीबॉडी मिळायला वेळच मिळत नाही. अशा नवजात बाळाला लगेच इम्युनोग्लोब्युलिन देतात.

माहेरी पाठवून उपयोग होतो का?

फारसा नाही. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरतो. थोरल्याच्या अंगावर पहिला फोड दिसेपर्यंत बाई त्याच्यासोबत झोपलेली, जेवलेली असते. लक्षणं दिसायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणजे ती माहेरी आजारही घेऊन जाऊ शकते. नागीण झालेल्या आजोबांचे उघडे फोडही याच विषाणूचे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

त्याऐवजी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. ते महाग आहे. ब्रिटनमध्ये आता त्याऐवजी सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या देतात. आपल्याकडे काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण दिवस मोजून सांगणं आपल्या हातात आहे. आणि आधी फोनच. दवाखान्याच्या बाकावर इतर गरोदर बायका बसलेल्या असतात.

लस सरकारी का नाही?

ब्रिटनने जानेवारी २०२६पासून लहान मुलांना कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत ती १९९५पासून आहे. भारतात बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोसांची शिफारस करते, पण सार्वत्रिक लसीकरणात ही लस नाही. ज्याच्या खिशाला परवडते त्याच्या मुलाला ती मिळते.

हे अर्धवट चित्र गरोदर बायकांच्या दृष्टीने चांगलं नाही. उष्ण प्रदेशांत मुळातच कांजिण्या उशिरा होतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीशिवाय विशी-पंचविशीत पोचणाऱ्या मुली थंड देशांपेक्षा जास्त असतात. लसीकरण दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या खाली रेंगाळलं तर आजार आणखी मोठ्या वयाकडे सरकू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्येच दिला होता. सरकारने लस आणायची तर पुरेशा मुलांपर्यंत पोचवण्याची तयारी ठेवूनच आणावी लागेल. गोवर-रुबेलाच्या वेळी महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१८मध्ये शाळाशाळांतून मोहीम राबवली होती, म्हणजे हे जमत नाही असं नाही.

तोपर्यंत ज्या मुलींना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांनी मूल होऊ देण्याआधी चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत आणि त्यानंतर महिनाभर थांबावं. ही जिवंत विषाणूची लस आहे, गरोदरपणात घेता येत नाही. घरातल्या थोरल्या मुलाला मात्र आई गरोदर असतानाही ती देता येते.